सुट्टीवर आलेला माणूस

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं. पुस्तक कुठलंही असो, पात्र कुठलंही असो, उत्तराच्या शेवटी ते हजर असतं: 'संकटांनी त्याला अधिक कणखर बनवले.' महायुद्धावरची कविता असली तरी तेच आणि खंदकात मेलेल्या पोराची कादंबरी असली तरी तेच. मुलांनी हे वाक्य गाईडातून उचललं म्हणून मी त्यांना दोष देत नाही. ते त्यांच्या शाळेच्या भिंतीवर होतं, दहावीच्या निरोप समारंभातल्या भाषणात होतं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण चालायला लागल्यापासून ऐकतो. दगडाच्या बाबतीत ते खरं आहे. युद्धातून परतलेल्या माणसाच्या बाबतीत मला ते कधीच पटलेलं नाही, आणि ते का पटत नाही हे सांगण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला आहे.

मी सातारा जिल्ह्यात, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात इंग्रजी साहित्य शिकवते. या भागातल्या कित्येक गावांत फौज हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजगार आहे. पावसाने पाठ फिरवली की शेती हातची जाते. मनीऑर्डर मात्र महिन्याच्या महिन्याला येत असे, आता बँकेत पगार येतो. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण मारले गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळून येतात आणि पहिल्या तासाला डोळे ओढून बसतात. मुलींपैकी कुणाचे वडील फौजेत, कुणाचा भाऊ, आणि शेवटच्या वर्षापर्यंत एखादीचं लग्न ठरतं तेही फौजीशीच. अशा वर्गात युद्धाचं साहित्य शिकवायचं म्हणजे समोरच्याच्या घरात शिरायचं. दार वाजवल्याशिवाय शिरू नये, एवढं भान मी ठेवत आले.

अभ्यासक्रमात विल्फ्रेड ओवेनच्या कविता असत, व्हर्जिनिया वुल्फ असे. एरिक मारिया रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' नव्हती. ती मी शनिवारच्या वाचनाच्या तासाला घेतली. रेमार्कला १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, जर्मन सैन्यात बोलावलं गेलं. १९१७ च्या जुलैअखेर तोफगोळ्याच्या तुकड्यांनी तो जखमी झाला आणि युद्धाचा उरलेला बहुतेक काळ त्याने रुग्णालयात काढला. कादंबरी आली १९२९ मध्ये. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या, तेव्हा त्यात हेही पुस्तक होतं.

या कादंबरीचं नाव निघालं की लोक खंदक, विषारी वायू, उंदीर यांबद्दल बोलतात. माझा वर्ग त्यातल्या कशानेच हलला नाही. असली दृश्यं त्यांनी मोबाइलवर पुष्कळ पाहिलेली असतात. वर्ग थांबला तो सातव्या प्रकरणापाशी. कादंबरीचा नायक पॉल बॉयमर सुट्टीवर घरी येतो, तिथे.

आई आजारी आहे, कर्करोग परत उलटलाय. तिने त्याच्यासाठी खाण्याचे पदार्थ जपून ठेवलेत. ती विचारते, तिकडे फार वाईट आहे का रे? आणि पॉल खोटं सांगतो. वडिलांना वाटतं त्याने गणवेश घालूनच फिरावं, ओळखीच्यांना भेटावं, लढाईच्या हकिगती सांगाव्यात. गावातली प्रतिष्ठित मंडळी बिअर पीत त्याला समजावतात की फ्रान्सची फळी नेमकी कुठून फोडायला हवी. मग तो आपल्या खोलीत जाऊन बसतो. भिंतीपाशी त्याची पुस्तकं आहेत, शिकवण्या करून मिळालेल्या पैशांतून जमवलेली. तो ती काढतो, चाळतो, पूर्वीचं काहीतरी परत येईल म्हणून वाट पाहतो. काही येत नाही. पुढे तो मेलेल्या मित्राच्या, केमेरिखच्या आईकडे जातो. केमेरिख रुग्णालयात तळमळत गेला, पण पॉल तिला सांगतो की त्याला क्षणात मरण आलं, आणि हे खोटं असेल तर मी परत येणार नाही अशी शपथसुद्धा घेतो. सुट्टी संपताना त्याला वाटतं, आपण यायलाच नको होतं.

हे वाचून झालं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली. एरवी ती हजेरीपुरतं तोंड उघडायची. म्हणाली, "मॅडम, आमच्या पप्पांना झोपेतून हात लावून उठवायचं नाही." मी विचारलं, मग कसं उठवता? तिने नीट, पाककृती सांगावी तसं सांगितलं. पायाच्या बाजूला उभं राहायचं, चार हात अंतर ठेवून. दिवा लावायचा नाही. 'पप्पा' म्हणून हाक मारायची नाही, 'हवालदारसाहेब' म्हणायचं, एकदाच आणि खालच्या आवाजात. ते उठून बसतात, आधी दाराकडे बघतात, मग आपल्याकडे. मग 'पप्पा' म्हणायचं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत आईने खांद्याला हात लावून उठवलं होतं. तिच्या मनगटाचं हाड तेव्हापासून थोडं वर आलेलं आहे. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आईने ही रीत मुलीला शिकवली, मुलीने धाकट्या भावाला. पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

मग वर्ग मोकळा झाला. कुणाचे काका लग्नाच्या मांडवात भिंतीला पाठ लागेल अशीच खुर्ची धरतात, पंगतीत मधे बसत नाहीत. कुणाचे वडील दिवाळीत चार दिवस रानातल्या खोपीवर राहायला जातात. गावात सांगायचं की पिकाला पाणी द्यायचंय. एका मुलाच्या घरी रात्री सगळी झोपल्यावर वडील उठून अंथरुणं मोजतात, आणि संख्या जुळली नाही तर अंगणात जाऊन उभे राहतात, संडासला गेलेला माणूस परत येईपर्यंत. यातल्या एकाही मुलाने कधी याचा संबंध युद्धाशी जोडला नव्हता. त्यांच्या लेखी तो 'फौजी स्वभाव' होता, जसा कुणाचा तापट असतो, कुणाचा चेंगट.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस असा असतो असं मी म्हणत नाही. बहुतेक जण परत येऊन शेती करतात, दूध डेअरी चालवतात, सरपंच होतात, पोरांना भरतीचं शिकवतात आणि रात्री शांत झोपतात. कुणाला आजारी ठरवणं हे माझं कामही नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत. माझं काम पुस्तक वाचायला शिकवण्याचं. पण पॉलच्या घरातला प्रसंग वाचला आणि एका मुलीला स्वतःच्या घरातली रीत पहिल्यांदा दिसली, हे साहित्याचंच काम झालं. पॉलला आपण आधीपासून ओळखतो. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते लेखक आपल्याला सांगतो. घरच्यांना ती सोय नसते. त्यांच्यासमोर फक्त परत आलेला माणूस असतो, आणि तो गप्प असतो.

या बदलाला नाव मिळायलाच किती वेळ लागला! १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक'वर लिहिलं. आधी समजूत अशी होती की तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा होते. मग ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नव्हता असेही सैनिक थरथरत, मुके होऊन, आंधळे होऊन परत यायला लागले. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार होत. विल्फ्रेड ओवेन १९१७ च्या जूनमध्ये तिथे दाखल झाला, ऑगस्टमध्ये त्याला तिथेच कवी सीगफ्रीड ससून भेटला. तिथले डॉक्टर रिव्हर्स यांचं नाव मी वर्गात आवर्जून घेते, कारण ते आपल्या नीलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहिले होते. १९०६ मध्ये त्यांनी तोडांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या घरात बसून धीराने ऐकायची सवय त्यांना तिथे लागली असावी, असं मला उगीच वाटतं. 'विसरून जा, दुसरं काहीतरी मनात आण' हा तेव्हाचा सर्वमान्य सल्ला होता. रिव्हर्स म्हणत, जे दडपलं जातं तेच रात्री परत येतं. त्याबद्दल बोलू द्यावं. शिपायांच्या वाट्याला मात्र क्वचितच असं रुग्णालय आलं. ब्रिटिश आणि साम्राज्याच्या सैन्यातल्या ३०६ जणांना पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये, मारल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. आज ज्याला पीटीएसडी म्हणतात ते निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी धरून ठेवलं तेव्हा.

ओवेन बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला कालव्याकाठी मारला गेला. युद्ध संपायला एक आठवडा उरला होता. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हातात पडली ती ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या दिवशी. पुढे १९२० मध्ये त्या आईने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं: शेवटचा निरोप घेताना माझ्या मुलाने तुमच्याच ओळी म्हटल्या होत्या आणि परत आलेल्या त्याच्या वहीत त्या तुमच्या नावासह लिहिलेल्या आहेत. हे सांगितलं की वर्ग शांत होतो. आणि मग एक प्रश्न येतो, दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच: "मॅडम, आपल्या लोकांनी काय लिहिलं?"

आपल्या लोकांनी लिहिलं ते मुख्यतः दुसऱ्याच्या हाताने. बहुतेक शिपायांना अक्षरओळख नव्हती. तुकडीतला कुणी लिहिणारा गाठायचा, चारचौघांत मजकूर सांगायचा, आणि तो वाचणारा सेन्सॉर अधिकारी पुढे बसलेला. फ्रान्समधून गेलेल्या भारतीय शिपायांच्या पत्रांचे उतारे सेन्सॉरने ठेवले म्हणूनच ते आज वाचायला मिळतात. त्यात एका पत्रात काळी मिरी आणि लाल मिरची यांचा हिशेब येतो: काळी मिरी संपत आली, लाल तेवढी उरलीय. वाणसामान दिसतं ते. पण काळी म्हणजे आपले शिपाई आणि लाल म्हणजे गोरे. वाईट बातमी अशी मसाल्याच्या पुडीत बांधून पाठवावी लागत होती. ससूनसारखं उघडपणे लिहायची मुभा त्यांना कुठून असणार?

आणि आपल्या भागातले लोक फ्रान्सपेक्षा जास्त गेले मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. गावात त्याला 'बसऱ्याची लढाई' म्हणतात. सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कूत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ ला वेढलं. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शिधा कमी कमी होत गेला, तोफा ओढणारी घोडी-खेचरं कापायची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी घोड्याचं मांस शिवायला नकार दिला. धर्माची हरकत नाही असे निरोप हिंदुस्थानातून मागवले गेले, तरी कित्येक दिवस ते खाईनात. हिरड्या सुजून रक्त यायला लागलं. सोडवायला आलेल्या फौजेचे हजारो लोक बाहेरच मेले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. उपाशी माणसांना वाळवंटातून चालवलं गेलं, उरलेल्यांना रेल्वेमार्गाच्या कामावर लावलं. त्यांपैकी पुष्कळ परत आले नाहीत.

२०१६ मध्ये या शरणागतीला शंभर वर्षं झाली. त्या वर्षी मी मुलांना सांगितलं, घरात कुणी बसऱ्याला गेलेलं होतं का ते विचारून या. बहुतेकांना नाव आणि एखादं बिल्ल्यासारखं पदक याच्या पलीकडे काही मिळालं नाही. एक मुलगा मात्र आजीशी बोलून आला. त्याचा पणजोबा 'टर्काच्या कैदेत' होता, एवढं घरात माहीत होतं. आजी सून म्हणून घरात आली तेव्हा म्हातारा पन्नाशी ओलांडलेला. तो जेवायला बसला की एक भाकरी बाजूला काढायचा, धोतराच्या सोग्यात गुंडाळायचा आणि उशाखाली ठेवायचा. सकाळी ती वाळलेली भाकरी गुरांना जायची, रात्री नवी उशाखाली. सुगी असो, घरात धान्याची पोती लागलेली असोत, यात खंड नाही. मुंग्या व्हायच्या. सासू करवादायची. पोरं त्याला 'भाकरीचोर' म्हणून चिडवायची, आणि तो काही बोलायचा नाही. हयातभर तो घरात हावरट म्हणून ओळखला गेला.

त्या मुलाने कूतच्या वेढ्याची सगळी हकिगत आजीला सांगितली. पणजोबा नक्की कुठल्या पलटणीत होता याचा कागद घरात नाही, तेव्हा तो कूतमध्येच होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी दोन ठेवल्या असत्या उशाखाली."

हे मला तो मुलगा वर्गात उभा राहून सांगत होता. मी इतकी वर्षं ज्या वाक्याशी भांडत होते त्याचं उत्तर यात होतं. युद्धाने या माणसाला कणखर केलं की खचवलं? दोन्ही शब्द इथे पोचत नाहीत. त्याने परत येऊन जमीन कसली, मुलं वाढवली, म्हणजे तो मोडला नव्हता. पण उद्या भाकरी मिळेल या गोष्टीवरचा त्याचा विश्वास गेला तो कायमचा. आपण सगळे रात्री ज्या भरवशावर झोपतो, तो भरवसा त्याच्याजवळ उरला नव्हता. बदल होतो तो इथे, असं मला वाटतं. माणूस शूर असतो तो शूरच राहतो, प्रेमळ असतो तो बहुधा प्रेमळही राहतो. पण जे गृहीत धरून चालायचं असतं, झोप, आवाज, दार, भाकरी, ते त्याला पुन्हा गृहीत धरता येत नाही.

महाभारताने हे फार पूर्वी ओळखलं होतं. अश्वत्थामा वर्गात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा चिरंजीव त्यांनी आजीकडून ऐकलेला असतो. पण तो तसा का झाला हे विचारलं की उत्तर येतं, झोपलेल्या पांडवपुत्रांना मारलं म्हणून शाप मिळाला. त्याच्या एक पाऊल मागे जायला मी सांगते. त्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवायला लावलं ते एका खोट्याने, आणि ते खोटं बोलला तो ज्याच्या शब्दावर शत्रूचाही विश्वास होता असा युधिष्ठिर. जोनाथन शे या अमेरिकी डॉक्टरने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बॉस्टनमध्ये वर्षानुवर्षं उपचार केले आणि १९९४ मध्ये 'अकिलीस इन व्हिएतनाम' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माणसाला आतून उद्‌ध्वस्त करायला नुसती भीती पुरत नाही. आपल्याच वरिष्ठाने न्यायाचा विश्वासघात केला, आणि पाठोपाठ जिवाभावाचा माणूस गेला, की काही जण असे उसळतात की त्यांना मर्यादाच राहत नाही. होमरच्या अकिलीसमध्ये त्याला आपले रुग्ण दिसले. मला अश्वत्थाम्यात तेच दिसतं.

यावर एकदा भरतीच्या तयारीतला एक मुलगा चिडून उभा राहिला. "म्हणजे झोपेत पोरं मारली ते बरोबर?" त्याचा राग मला आवडला. बरोबर नाहीच. महाभारतही त्याला सोडत नाही. दुःखाचं कारण कळलं म्हणून कृत्याचं पाप कमी होत नाही, आणि पाप झालं म्हणून कारण शोधायचं थांबवता येत नाही. जिंकणाऱ्याची स्थिती तरी काय आहे? युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला राज्य नको झालं. शांतिपर्व सुरू होतं ते राज्य सोडून वनात जायला निघालेल्या विजेत्यापासून, आणि सगळे भाऊ, द्रौपदी, ऋषी त्याला समजावत बसतात. भीष्म शरपंजरी पडून त्याला राजधर्म सांगतो आणि युधिष्ठिर प्रश्नामागून प्रश्न विचारत राहतो. त्या पर्वाकडे तत्त्वज्ञान म्हणून बघतात. मी ते झोप न येणाऱ्या माणसाचं बोलणं म्हणून वाचते. एवढं लांबलचक बोलणं कुणीतरी ऐकून घेतलं, हेही त्यात आहेच.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर आला असताना कॉलेजात भेटायला आला. आता नायक झालाय. सीमेवरच्या एका ठाण्यावर बराच काळ काढून आलेला. स्टाफरूमच्या बाहेर कट्ट्यावर बसून त्याने थेट विचारलं, "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलं त्या पुस्तकांत कुणी बरं का होत नाही? पॉल मरतो, तो सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो, ओवेनपण गेला. मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा रात्री हेच आठवायचं."

त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगायला लागले. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. ती त्याला माहीत होती. सिनेमा पाहिला होता. "तेच," तो म्हणाला, "घावाने सोनं झालं." मी म्हटलं, थांब. पेटकर जखमी होण्याच्या आधीपासून खेळाडू होते, फौजेत बॉक्सिंग करत होते. गोळ्यांनी त्यांना खेळाडू केलं नाही. गोळ्यांनी पाय नेले. उरलेलं त्यांच्या जिद्दीने केलं, उपचारांनी केलं, पाण्यात उतरवणाऱ्या माणसांनी केलं. श्रेय गोळीला देऊ नकोस. खडकीला जखमी जवानांना हातातलं काम शिकवणारी, १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था आहे, तिथेच १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे दिवसामागून दिवस जे चालतं त्याने माणूस उभा राहतो.

आणि सेप्टिमस. व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' १९२५ ची. त्यातल्या सेप्टिमसला युद्धानंतर काही जाणवेनासं झालंय. मेलेला मित्र एव्हन्स त्याला दिसतो. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, छंद लावून घ्या. सगळ्यांना त्याची उडी आठवते. उडीच्या आधीचं पान मी त्या दिवशी त्याला पुन्हा वाचायला दिलं. बायको रेझिया, टोप्या करणारी इटालियन बाई, शेजारणीच्या लेकीसाठी टोपी शिवत बसलीय. सेप्टिमस म्हणतो, ही फार लहान आहे. मग तो फिती निवडतो, फुलं मांडतो, ती टाके घालते, दोघं हसतात. कित्येक आठवड्यांनी ती खरीखुरी नवराबायको होतात. तेवढ्यात जिन्यावर डॉक्टर येतो, बळाने आत शिरतो. वुल्फने बरं होण्याची जागाही दाखवलीय आणि ती कुणी मोडली तेही.

तो पान वाचून बराच वेळ बसला. मग स्वतःहून म्हणाला, "तिकडचं सांगायला माझी ना नाही, मॅडम. पण मी तोंड उघडलं की समोरचा लगेच शाब्बास म्हणतो. मग पुढचं सांगता येत नाही. शाब्बासच्या पुढे काय बोलणार?"

पॉलच्या वडिलांनी हेच केलं होतं. आपणही गावोगाव हेच करतो: जत्रेत सत्कार, शाल, श्रीफळ, माइकवर दोन शब्द. अभिमान खरा असतो, त्यात खोट नाही. पण त्या अभिमानात माणसाला पुढे बोलायला जागा राहत नाही, आणि उत्तरपत्रिकेतलं ते कणखरपणाचं वाक्यही त्याच शाब्बासकीचं भावंड आहे. ते लिहिलं की पात्राबद्दल आणखी विचार करायची गरज उरत नाही.

म्हणून आता आम्ही विभागातर्फे आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणी लिहून घेतो. सूचना मोजक्या आहेत. किती मारले, भीती वाटली का, हे विचारायचं नाही. मध्येच शाब्बास म्हणायचं नाही. घरातल्या बाईशीही बोलायचं, आणि वेगळं बसून बोलायचं. माणूस जे सांगेल ते लिहायचं. आपल्याला हवं ते काढायला बघायचं नाही. बोलताना कुणाला फार त्रास होतोय असं वाटलं तर वही मिटायची आणि डॉक्टरकडे जायला सोबत करू का, असं सरळ विचारायचं.

नुकतीच मुलं एका निवृत्त हवालदारांकडे जाऊन आली. ते कारगिलच्या वेळी खेचरांच्या तुकडीत होते. मुलांना लढाई ऐकायची होती. त्यांनी सगळी दुपार एका खेचराबद्दल सांगितलं: ते डावीकडे झुकून चालायचं, रात्री चढावर कान कसे टाकायचं, तोफ सुरू झाली की बिथरायचं नाही पण माणूस ओरडला की थरथरायचं, ओझं बांधताना कुठली दोरी आधी ओढायची. पायवाटेवरून ते घसरलं तेव्हा त्याच्या लगामाला कोण होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मुलांनी विचारलं नाही. निघताना हवालदार म्हणाले, ज्वारी काढून झाली की परत या. मुलं जाणार आहेत. या वेळी प्रश्न त्यांनीच काढलेत: चारा कुठून यायचा, बर्फात नाल कसे टिकायचे, एका खेचरामागे किती माणसं असत. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीची धाकटी बहीण यंदा त्या गटात आहे. ती हवालदारांच्या पत्नीशी स्वयंपाकघरात बसून बोलणार आहे.